विश्लेषण : लेख पेस्ट केला की परिच्छेद का विस्कटतात? मोकळ्या ओळी जातात कुठे?

वर्डमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर नीटनेटका दिसणारा मजकूर वेबसाइटवर टाकला, की कधी त्याचा एकसलग ठोकळा होतो, तर कधी दोन परिच्छेदांत चार बोटे अंतर पडते. असे का होते? आणि हातात फक्त फोन असेल तर ते कसे दुरुस्त करायचे?

डिजिटल डेस्कवर रुजू होऊन मला तेव्हा चारच महिने झाले होते. रात्री साडेबाराच्या सुमारास एका तालुक्याच्या गावाहून वार्ताहराने अपघाताची बातमी व्हॉट्सॲपवर पाठवली. दोघांचा मृत्यू, पाच जखमी. शेवटी ‘मृतांची नावे’ असे लिहून खाली दोन नावे होती. मग एक ओळ मोकळी. मग आणखी पाच नावे आणि त्यापुढे ‘यांच्यावर ग्रामीण रुग्णालयात उपचार सुरू आहेत’. फोनवर वाचताना काही शंका येण्याचे कारण नव्हते. मी मजकूर कॉपी केला, आमच्या प्रकाशन प्रणालीत पेस्ट केला, शीर्षक दिले आणि बातमी सोडली.

मोकळी ओळ वाटेत गळाली होती. वेबसाइटवर ‘मृतांची नावे’ या शब्दांपुढे सातही नावे एका रांगेत उभी होती. सकाळी सहाला डेस्कच्या क्रमांकावर फोन आला. ‘‘साहेब, आमच्या भाच्याचं नाव तुम्ही मेलेल्यांत घातलंय. तो इथं माझ्यासमोर खाटेवर बसलाय. गावाकडून बायका रडत निघाल्यात, त्यांना काय सांगू?’’ बातमी दोन मिनिटांत दुरुस्त झाली, पण तोवर तिचे स्क्रीनशॉट फिरत होते.

वार्ताहराने पाठवलेल्या मजकुरात एकही अक्षर चुकलेले नव्हते. मीही एकही अक्षर बदलले नव्हते. मी संगणक अभियांत्रिकी शिकलेला, तरी त्या दिवसापर्यंत मोकळी ओळ ही गोष्ट मी कधी गंभीरपणे घेतली नव्हती.

‘मोकळी ओळ’ म्हणजे नेमके काय?

कागदावर मोकळी ओळ एकच असते. संगणकात मात्र डोळ्यांना सारखीच दिसणारी ही जागा निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींनी तयार होते.

पहिली म्हणजे एंटर दोनदा दाबणे. यात दोन परिच्छेदांच्या मध्ये एक रिकामा परिच्छेद तयार होतो. दुसरी म्हणजे एंटर एकदाच दाबणे, पण परिच्छेदानंतर थोडी जागा सोडायची हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्येच ठरलेले असणे. यात मजकुरात जास्तीचे काहीच नसते. दिसते ते अंतर म्हणजे सजावट. तिसरी म्हणजे शिफ्ट धरून एंटर दाबणे. याने नवी ओळ सुरू होते, परिच्छेद मात्र तोच राहतो. दोनदा शिफ्ट-एंटर केले, की मोकळी ओळ दिसते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तो सगळा मजकूर एकच परिच्छेद असतो.

खरा घोळ पहिल्या दोहोंत आहे. वर्ड २००३ मध्ये परिच्छेदानंतरचे अंतर शून्य होते, म्हणून तेव्हा टायपिंग शिकलेल्यांना दोनदा एंटर दाबायची सवय लागली. वर्ड २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने परिच्छेदानंतर आपोआप १० पॉइंटांची जागा सोडायला सुरुवात केली आणि २०१३ च्या आवृत्तीत ती ८ पॉइंट केली. त्यामुळे नव्या वर्डमध्ये एकदा एंटर दाबले तरी परिच्छेद सुटे दिसतात. गुगल डॉक्समध्ये मात्र नव्या कागदावर परिच्छेदानंतरचे अंतर अजूनही शून्यच असते, म्हणून तिथे लिहिणारा माणूस दोनदा एंटर दाबतो. व्हॉट्सॲपवर तर दुसरा मार्गच नाही.

म्हणजे एकाच लेखाच्या दोन प्रती, एक वर्डमधली आणि एक डॉक्समधली, पडद्यावर शेजारी ठेवल्या तर जुळ्या दिसतील. आतून त्या वेगळ्या आहेत. पेस्ट करताना हा फरक बाहेर पडतो.

वेबसाइटला एंटर दिसत का नाही?

वेबपान ज्या एचटीएमएल भाषेत लिहिले जाते, तिचा एक जुना नियम आहे. सलग कितीही स्पेस, टॅब किंवा एंटर आले, तरी ब्राउझर त्या सगळ्यांची मिळून एकच स्पेस दाखवतो. पाच एंटर दाबा, पन्नास दाबा, दिसणार एक स्पेस. पानाचा कोड लिहिणाऱ्याला तो वाचण्याच्या सोयीसाठी हव्या तिथे ओळी तोडता याव्यात आणि वाचकाला त्याचा त्रास होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

मग परिच्छेद कुठे संपला हे ब्राउझरला कळते कसे? त्यासाठी ‘पी’ नावाची खूण आहे. मजकुराच्या आधी ती उघडायची आणि नंतर बंद करायची. नुसती ओळ तोडायची असेल, तर ‘बीआर’ ही वेगळी खूण. परिच्छेदांमध्ये किती जागा सोडायची, हे या दोन्ही खुणांत नसते. ते वेबसाइटची थीम ठरवते. थीमने काही सांगितले नसेल, तर ब्राउझर आपल्या मनाने परिच्छेदाच्या वर आणि खाली एका अक्षराच्या आकाराइतकी जागा सोडतो.

आमच्या प्रणालीच्या ज्या चौकटीत मी ती बातमी टाकली, ती चौकट साध्या एंटरचे ‘पी’मध्ये रूपांतर करत नव्हती. वार्ताहराने दाबलेले सगळे एंटर साठवले गेले होते. ब्राउझरने नियमाप्रमाणे त्यांच्या स्पेस केल्या, इतकेच.

एंटर म्हणजे मुळात काय, यावरही जगाचे एकमत नव्हते, हे या निमित्ताने सांगण्यासारखे आहे. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन गोष्टी व्हायच्या. कागद धरणारा रूळ पुन्हा सुरुवातीला सरकवायचा आणि कागद एक ओळ वर घ्यायचा. दूरमुद्रकांनी या दोन क्रियांना दोन वेगळे संकेत दिले आणि संगणकांनी ते तसेच उचलले. विंडोज आजही ओळीच्या शेवटी दोन्ही संकेत लिहिते. लिनक्स आणि आताचे मॅक एकच लिहितात. त्यामुळे लिनक्सवर तयार झालेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली, की सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत दिसायचा. नोटपॅडमधली ही अडचण मायक्रोसॉफ्टने दूर केली ती २०१८ मध्ये. महाविद्यालयात प्रोग्रॅमची फाइल नोटपॅडमध्ये उघडून माझ्या पिढीच्या बहुतेकांनी डोके धरलेले आहे.

कॉपी केल्यावर मजकुरासोबत आणखी काय येते?

आपण ‘कॉपी’ म्हणतो तेव्हा संगणक एक प्रत घेत नाही, एकाच मजकुराच्या अनेक प्रती एकदम घेतो. एक नुसत्या अक्षरांची, एक एचटीएमएलमधली, वर्ड असेल तर आणखी काही. पेस्ट करताना समोरचा प्लॅटफॉर्म त्यातली आपल्याला सोयीची प्रत उचलतो. वेबसाइटचे एडिटर सहसा एचटीएमएलची प्रत घेतात. त्यामुळे ठळक अक्षरे, तिरपी अक्षरे, लिंक टिकून राहतात. पण त्यासोबत नको असलेला बाडबिस्तराही येतो.

डॉक्समधून आलेल्या प्रत्येक परिच्छेदाला वर शून्य अंतर, खाली शून्य अंतर आणि ओळींची उंची १.३८ असा शिक्का मारलेला असतो. वर्डमधून आलेल्या मजकुरात खास वर्डलाच कळणाऱ्या सूचना भरलेल्या असतात. काही एडिटर हे सारे झाडून टाकतात, काही तसेच ठेवतात. ठेवले, तर वेबसाइटच्या थीमने सांगितलेले अंतर बाजूला पडते आणि डॉक्सने सांगितलेले शून्य लागू होते. इतर लेखांत परिच्छेद सुटे दिसतात आणि तुमच्याच लेखात चिकटतात, त्याचे कारण बहुधा हे. उलट, डॉक्समधले रिकामे परिच्छेद टिकले आणि वर थीमचेही अंतर लागले, तर दुप्पट-तिप्पट जागा सुटते आणि फोनवर दोन परिच्छेद गाठायला अंगठा फिरवत राहावे लागते.

यावर सगळीकडे एकच सल्ला दिला जातो, साधा मजकूर म्हणून पेस्ट करा. संगणकावर त्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-व्ही. अनेक अँड्रॉइड फोनवर मजकुराच्या चौकटीत बोट दाबून धरले, की ‘पेस्ट’च्या शेजारी साधा मजकूर पेस्ट करण्याचा पर्याय येतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. वर्डमध्ये तुम्ही एकदाच एंटर दाबले असेल, तर दिसणारे अंतर ही सजावट आहे आणि साध्या पेस्टमध्ये सजावट गळते. उरतो एकच एंटर. पुढे त्या एका एंटरचे काय करायचे, हे प्रत्येक प्लॅटफॉर्म आपल्या परीने ठरवतो.

कोणता प्लॅटफॉर्म एंटरचा काय अर्थ लावतो?

वर्डप्रेसच्या जुन्या एडिटरचा हिशेब सरळ होता. दोन एंटर म्हणजे नवा परिच्छेद, एक एंटर म्हणजे नुसती ओळ तोडणे. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीपासून ‘ब्लॉक’चा एडिटर आला. त्यात प्रत्येक परिच्छेद हा स्वतंत्र ठोकळा असतो. वर्ड किंवा डॉक्समधून नेहमीप्रमाणे पेस्ट केले, तर तो बऱ्यापैकी समजून घेतो, रिकामे परिच्छेद गाळतो आणि प्रत्येक परिच्छेदाचा वेगळा ब्लॉक करतो. साधा मजकूर म्हणून पेस्ट केले, तर मात्र दोन एंटर असतील तिथेच नवा ब्लॉक होतो. एकेकच एंटर असेल, तर हजार शब्दांचा लेख एकाच ब्लॉकमध्ये जाऊन बसतो. वरवर ओळी तुटलेल्या दिसतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. मग कुणीतरी मधल्या एका वाक्याला उपशीर्षक करायला जातो आणि सगळा लेखच मोठ्या अक्षरांत उभा राहतो.

विकिपीडियाचे नियम याहून कडक. मराठी विकिपीडियावर नव्याने लिहिणारे इथे हमखास अडखळतात. विकीच्या मूळ मजकुरात एका एंटरला काही किंमत नाही. पुढची ओळ मागच्या ओळीलाच जोडली जाते. नवा परिच्छेद हवा असेल, तर पूर्ण एक ओळ मोकळी सोडावीच लागते. शाळेत शिकवल्याप्रमाणे परिच्छेदाच्या सुरुवातीला थोडी जागा सोडायला गेलात आणि ओळीच्या आरंभी एक स्पेस दिली, तर ती ओळ टाइपरायटरसारख्या अक्षरांत चौकटीत जाऊन बसते. नव्या दृश्य संपादकात हा त्रास कमी आहे, पण मूळ मजकुराच्या खिडकीत पेस्ट करणाऱ्यांना तो आजही होतो.

ब्लॉगर पेस्ट केलेली सजावट बऱ्याच अंशी जशीच्या तशी ठेवतो. म्हणून तिथे आधी सगळा मजकूर निवडून फॉरमॅटिंग पुसण्याचे बटण दाबलेले बरे. किंडलवर पुस्तक काढणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. वाचक अक्षर लहान-मोठे करू शकत असल्याने, नवे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून दाबलेले वीस एंटर भलत्याच ठिकाणी रिकामी जागा सोडून जातात.

आपल्या लेखात नेमके काय बिघडले, हे कसे ओळखायचे?

एक सोपी परीक्षा आहे आणि ती फोनवरही होते. एडिटरमध्ये लेखाच्या मधल्या एखाद्या परिच्छेदावर बोट ठेवा आणि मजकूर मध्यभागी आणण्याचे बटण दाबा. तेवढाच परिच्छेद मध्यभागी सरकला, तर परिच्छेद खरे आहेत. अंतर कमी-जास्त दिसत असेल, तर दोष सजावटीचा. शेजारचे परिच्छेदही सोबत सरकले, तर तुमचे परिच्छेद हे परिच्छेद नाहीतच, एकाच परिच्छेदात तोडलेल्या ओळी आहेत. परीक्षा झाली की मागे घ्यायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो आणि अर्थसंकल्पावरचा एक लेख लग्नपत्रिकेसारखा प्रसिद्ध झाला.

वर्डमध्ये असाल, तर पेस्ट करण्याआधीच आतले पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा. प्रत्येक एंटरच्या जागी उलट्या ‘पी’सारखी परिच्छेदाची खूण दिसेल, शिफ्ट-एंटरच्या जागी डावीकडे वळलेला बाण दिसेल. ओळीने दोन-दोन खुणा दिसल्या, तर तुम्ही दोनदा एंटर दाबणाऱ्या पिढीतले.

फोनवाल्यांसाठी माझा उपाय थोडा गावठी आहे, पण अजून फसलेला नाही. लेख कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच चॅटच्या चौकटीत पेस्ट करा. पाठवू नका, फक्त पाहा. व्हॉट्सॲपला परिच्छेदानंतर जागा सोडणारे सेटिंग नाही, त्यामुळे तिथे दिसतात ते खरे एंटर. परिच्छेद एकमेकांना चिकटलेले दिसले, तर मूळ अंतर सजावटीचे होते. तिथेच प्रत्येक परिच्छेदानंतर आणखी एक एंटर द्या आणि तिथून उचलून वेबसाइटवर टाका. दोन पथ्ये मात्र पाळा. ठळक अक्षरांसाठी शब्दांभोवती तारका दिल्या असतील, तर त्या मजकुरासोबत येतात. आणि एकापेक्षा जास्त संदेश एकदम निवडून कॉपी केले, तर प्रत्येकाच्या आधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव चिकटते. ‘अमुक काका, रात्री ९.४२’ असे बातमीच्या मधोमध छापून आलेले तुम्हीही पाहिले असेल.

संगणकावर एकदम सगळे दुरुस्त कसे करायचे?

वर्डमधील शोधा-आणि-बदला ही सोय इथे कामाला येते. कीबोर्डवर ६ च्या अंकावर असलेले टोपीसारखे चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी छोटे ‘पी’ लिहिले, की वर्ड त्याला परिच्छेदाची खूण समजतो. त्याच चिन्हापुढे छोटे ‘एल’ लिहिले तर शिफ्ट-एंटर. आधी सगळे शिफ्ट-एंटर बदलून परिच्छेद करा (लेखात कविता असेल तर थांबा, त्याबद्दल पुढे लिहिले आहे). मग दोन खुणांच्या जागी एक खूण, असे ‘सर्व बदला’ पुन्हा पुन्हा दाबत राहा, जोवर बदललेल्यांची संख्या शून्य होत नाही किंवा एकवर अडून राहत नाही. आता लेखात कुठेही रिकामा परिच्छेद उरला नाही. प्लॅटफॉर्म वर्डची सजावट नीट समजणारा असेल, तर एवढ्यावर भागते. साधा मजकूर टाकायचा असेल, तर शेवटी एका खुणेच्या जागी दोन खुणा करा आणि मग कॉपी करा. हे सगळे मिळून दोन मिनिटांचे काम आहे. एकेक ओळ हाताने जोडत बसलेले सहकारी मी पाहिले आहेत, म्हणून सविस्तर सांगितले.

पीडीएफमधून मजकूर उचलला असेल, तर उलटा त्रास होतो. पीडीएफमध्ये परिच्छेद अशी गोष्ट बहुतेक वेळा नसतेच. अमुक अक्षर पानावर अमुक ठिकाणी, एवढीच नोंद असते. म्हणून कॉपी केल्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर येतो आणि फोनच्या अरुंद पडद्यावर एक लांब, एक आखूड अशा ओळींची शिडी तयार होते. जुन्या ई-मेलमधील मजकुराचेही असेच होते, कारण साध्या मजकुराची ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवण्याचा तिथला संकेत आहे. उपाय तीन पावलांचा. दोन खुणा जिथे लागोपाठ आहेत, तिथे आधी लेखात कुठेही नसेल असे काहीतरी, समजा तीन टक्केचिन्हे, भरा. मग उरलेल्या प्रत्येक एकेकट्या खुणेच्या जागी स्पेस द्या. शेवटी टक्केचिन्हांच्या जागी पुन्हा खूण आणा. मूळ पीडीएफमधून परिच्छेदांमध्ये मोकळी ओळ आलीच नसेल, तर मात्र यंत्राला परिच्छेद कळणार नाहीत. तिथे मूळ पान शेजारी उघडून माणसालाच बसावे लागते.

मराठी मजकुराचा वेगळा त्रास कोणता?

अंतराचा प्रश्न सुटत नाही म्हटल्यावर अनेकजण मजकुरातील ‘अदृश्य अक्षरे’ काढून टाकणाऱ्या वेबसाइटकडे वळतात. मजकूर टाका, बटण दाबा, सगळे लख्ख. इंग्रजीसाठी हे बहुधा चालते. मराठीसाठी धोक्याचे आहे.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात डोंगर आहेत, दुसऱ्यात समुद्र. तसेच ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला. हा फरक दाखवणारा चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक, खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरा, नेहमीचा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे रुंदी नसलेले, न दिसणारे अक्षर. तुमच्या कीबोर्डने दुसरा प्रकार वापरला असेल आणि सफाईच्या यंत्राने ते अदृश्य अक्षर काढले, तर लेखभरातल्या दऱ्यांचे दर्या होतात. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांचा’ या सगळ्यांवर रफार चढतो. ‘वाङ्‌मय’सारख्या शब्दांत अक्षरे सुटी ठेवण्यासाठी असेच दुसरे अदृश्य अक्षर वापरतात, तेही जाते. एंटर आणि जास्तीच्या स्पेस काढा, पण ‘अदृश्य अक्षरे काढा’ या खणावर खूण करू नका.

दुसरा त्रास जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचा असतो. फॉन्ट त्यावर देवनागरीचे सोंग चढवतो. तो युनिकोडमध्ये बदलायला घेतला, की सगळी सजावट उतरते आणि उरतात नुसते एंटर. त्यातही छापील पानाच्या स्तंभात मजकूर बसवताना डीटीपी करणाऱ्याने ओळीओळीला एंटर मारलेले असतील, तर पीडीएफसारखीच शिडी. जुने दिवाळी अंक ऑनलाइन आणणाऱ्यांचा बराच वेळ यातच जातो.

कवितेचे हाल याहून वाईट. कवितेत ओळ तोडणे वेगळे आणि कडवे संपणे वेगळे. वेबसाइटने प्रत्येक ओळीचा परिच्छेद केला, की ओळीओळींत अंतर पडते आणि कडवी ओळखू येत नाहीत. संगणकावर प्रत्येक ओळीनंतर शिफ्ट-एंटर आणि कडव्यानंतर साधा एंटर द्यावा. फोनच्या कीबोर्डवर शिफ्ट-एंटर सहसा मिळत नाही. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी ‘व्हर्स’ नावाचा खास ब्लॉक आहे. त्यात स्पेस आणि एंटर दिले तसेच टिकतात.

मुळात परिच्छेद हवेतच कशाला?

हा प्रश्न मला आमच्या ज्येष्ठ उपसंपादकांनी विचारला होता, गमतीने. मोडी लिहिणारे कारकून पानभर आडवी शिरोरेषा आधी ओढून घेत आणि तिला अक्षरे टांगत जात. शब्दाशब्दांतही जागा सोडत नसत, तरी राज्याचा कारभार चालला. परिच्छेद छपाईबरोबर रुळला आणि छपाईत त्याची खूण म्हणजे पहिल्या ओळीच्या आरंभी सोडलेली जागा. मध्ये मोकळी ओळ नसे, कारण कागद महाग. वेबवर उलटे झाले. जागा फुकट, आणि आरंभीच्या स्पेस ब्राउझर गिळतो, म्हणून मध्ये मोकळी ओळ आली. छापील अंकासाठी लिहिलेला लेख जसाच्या तसा वेबवर नेताना या दोन्ही पद्धती एकमेकींत मिसळतात. आरंभी टॅब आणि मध्ये मोकळी ओळ, असे दोन्ही असलेले लेख दिसतात ते यामुळे.

फोनवर परिच्छेदाची लांबीही बदलते. वर्तमानपत्राच्या रुंद पानावर दीडशे शब्दांचा परिच्छेद साधारण वाटतो. तोच फोनवर पूर्ण पडदा भरतो आणि वर-खाली कुठेच मोकळी जागा दिसत नाही. ज्येष्ठ लेखकांचे परिच्छेद त्यांना न विचारता तोडावेत का, यावर आमच्या डेस्कवर दर आठवड्याला वाद होतो. माझे मत, बातमीत तोडावेत, लेखात विचारून तोडावेत, ललित लेखात हात लावू नये.

प्रसिद्ध करण्याआधी लेख कुठे पाहावा, याबद्दल मात्र वाद नाही. एडिटरमध्ये दिसतो तो लेख नव्हे. ‘प्रीव्ह्यू’ उघडून, तोही फोनवर, शेवटच्या ओळीपर्यंत खाली जाऊन पाहावा. बिघाड बहुधा शेवटाकडे असतो, कारण नावे, पत्ते, वेळापत्रके तिथे असतात आणि तिथपर्यंत पोहोचेतो टाकणाऱ्याचा धीर संपलेला असतो.

त्या अपघाताच्या बातमीनंतर आम्ही सगळ्या वार्ताहरांना एक निरोप पाठवला. नावे देताना प्रत्येक नावापुढे ‘मृत’ किंवा ‘जखमी’ लिहावे, ओळ मोकळी सोडून दाखवू नये. काहींना ते शाळकरी वाटले. ती बातमी पाठवणारा वार्ताहर आता मोकळी ओळ सोडतो, प्रत्येक नावापुढे ‘जखमी’ही लिहितो आणि पाठवल्यावर फोन करून विचारतो, ‘‘ओळ पोचली का?’’